पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि रिकामे लिफाफे

गेल्या वर्षी ईद होऊन आठवडाही झाला नव्हता. रात्री माझ्या खालाजाद बहिणीचा फोन आला. "भाई, पोराचा रिपोर्ट खराब आला," एवढेच बोलली आणि रडायला लागली. तिचा मुलगा आयटीआय झालेला. दोन वर्षे एसी दुरुस्तीच्या दुकानात हाताखाली काम केले. मग आखातात नोकरी ठरली, एजंटला पैसे दिले, पासपोर्ट तयार झाला. शेवटची पायरी मेडिकलची. तिथून कागद आला तो 'अनफिट' असा शिक्का घेऊनच. कारण एका ओळीचे होते : एचबीएसएजी पॉझिटिव्ह.

आमच्या कोकणात घरटी एखादा माणूस आखातात असतो. त्यामुळे 'मेडिकलला अडकला' या शब्दांचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो तर पोराचे ताट आणि पेला वेगळा झाला होता. टॉवेल वेगळ्या खुंटीवर. दस्तरखानावर तो सगळ्यांचे झाल्यावर बसला. त्याच्या मंगनीची बोलणी चालू होती. त्या घरचे फोन उचलेनासे झाले. "काय झालंय नक्की?" असे मी विचारले, तर कुणालाच सांगता येईना. "काविळीचं काहीतरी, रक्तात आहे," एवढेच.

मी उर्दू-मराठी शिकवणारा शिक्षक. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. पण 'मामू' म्हणून त्या पोराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यानंतर गप्प बसणे शक्य नव्हते. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना गाठले, एका यकृततज्ज्ञाकडे पोराला घेऊन गेलो आणि पुढचे कित्येक महिने मिळेल ते वाचत राहिलो. त्यातून जे कळले ते इथे लिहितो आहे, कारण माझी खात्री आहे की असा कागद तुमच्याही ओळखीच्या एखाद्या घरात कपाटात घडी करून लपवलेला असेल.

आधी त्या एका ओळीचा अर्थ. हेपटायटिस बी हा यकृताला सूज आणणारा विषाणू. त्याची रचना पत्रासारखी आहे. आत मजकूर म्हणजे त्याचा डीएनए, त्याभोवती एक आतले कवच आणि सगळ्यांत वर प्रथिनांचा लिफाफा. या लिफाफ्याच्या प्रथिनालाच एचबीएसएजी म्हणतात. यातला 'एस' म्हणजे सरफेस, पृष्ठभाग. मेडिकलच्या तपासणीत शोधतात तो हा लिफाफा.

मला चकित करणारी गोष्ट पुढे आहे. या विषाणूने पकडलेली यकृताची पेशी जेवढी पत्रे तयार करते, त्यापेक्षा कितीतरी पट जास्त नुसते लिफाफे तयार करून रक्तात सोडते. एका खऱ्या विषाणूमागे हजारापासून एक लाखापर्यंत रिकामे कण असू शकतात. खरा विषाणू ४२ नॅनोमीटरचा गोळा असतो. रिकामे कण २२ नॅनोमीटरचे. काही गोल, काही लांबट काडीसारखे. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, यावरून त्यांचा आकार ध्यानात येईल. या रिकाम्या कणांत डीएनए नसतो. मजकूरच नाही, म्हणून ते नवी पेशी पकडू शकत नाहीत, स्वतःची नक्कल करू शकत नाहीत, कुणाला रोग देऊ शकत नाहीत.

भाषेच्या शिक्षकाला यातली आणखी एक गंमत लक्षात येते. या विषाणूचा सगळा मजकूर सुमारे ३,२०० अक्षरांचा आहे. एवढ्या तुटपुंज्या जागेत भागवायचे म्हणून तो एकच ओळ दोन वेगवेगळ्या अक्षरांपासून सुरू करून वाचतो आणि दोन वेगळे अर्थ काढतो. अक्षरांच्या बाबतीत इतका कंजूष असलेला विषाणू लिफाफ्यांच्या बाबतीत मात्र असा उधळा का?

संशोधकांचे उत्तर असे की ही उधळपट्टी नाही, चाल आहे. आपले शरीर विषाणूच्या लिफाफ्याला ओळखून त्याला चिकटणारी प्रतिपिंडे बनवते. पण रक्तात लाख रिकामे लिफाफे फिरत असतील तर ही प्रतिपिंडे त्यांनाच चिकटून संपतात आणि त्या गर्दीतून खरे पत्र निसटते. शिवाय वर्षानुवर्षे तोच लिफाफा समोर येत राहिला की प्रतिकार करणाऱ्या पेशी थकतात, त्याला जणू घरचाच समजू लागतात. नवजात बाळाच्या बाबतीत हे सर्वांत जास्त घडते. मोठ्या माणसाला लागण झाली तर १०० पैकी ९५ हून अधिक जणांचे शरीर विषाणूला हुसकावून लावते. जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांपैकी मात्र १०० पैकी सुमारे ९० जणांच्या यकृतात तो कायमचा मुक्काम करतो. पुढे यातल्या काहींना तीस-चाळीस वर्षांनी सिरोसिस किंवा यकृताचा कर्करोग होतो.

या रिकाम्या कणांचा शोध कसा लागला तेही सांगण्यासारखे आहे, कारण माणसाने आधी लिफाफा पाहिला, पत्र नंतर. बारूक ब्लुमबर्ग हे अमेरिकन शास्त्रज्ञ काविळीच्या मागे नव्हतेच. माणसामाणसाच्या रक्तातल्या प्रथिनांत काय फरक असतो याचा ते शोध घेत होते. अनेकदा रक्त घ्यावे लागलेल्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्ताशी जुळली. त्या रक्तातल्या अनोळखी प्रथिनाला 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' नाव मिळाले आणि १९६५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ते नक्की काय आहे हे कळायला आणखी काही वर्षे गेली. आधी निगेटिव्ह असलेल्या एका रुग्णाच्या रक्तात ते नव्याने दिसले आणि तपासले तर त्याच्या यकृताला सूज आलेली. मग ब्लुमबर्ग यांच्याच प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ आजारी पडली, तिच्याही रक्तात तेच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली १९६८ मध्ये हे छोटे कण दिसले, पण त्यांच्यात मजकूर सापडेना. १९७० मध्ये लंडनमध्ये डेव्हिड डेन यांना त्याच गर्दीत ४२ नॅनोमीटरचा मोठा कण दिसला. तो खरा विषाणू. ब्लुमबर्ग यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले आणि त्यांचा वाढदिवस, २८ जुलै, आज जागतिक हेपटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

ब्लुमबर्ग आणि त्यांचे सहकारी आयर्विंग मिलमन यांनी १९६९ मध्येच एक साधा विचार मांडला. रिकामा लिफाफा रोग देत नाही, पण शरीराला शत्रूची ओळख तर करून देऊ शकतो. मग तोच लस म्हणून का वापरू नये? न्यूयॉर्कचे डॉ. सॉल क्रुगमन यांनी रुग्णांचे रक्तद्रव पाण्यात पातळ करून एक मिनिट उकळले, टोचले आणि त्याने संरक्षण मिळते असे दाखवले. पण हे प्रयोग विलोब्रुक या संस्थेतल्या मतिमंद मुलांवर झाले होते. त्या मुलांना नकार देण्याची ताकद नव्हती. शिक्षक म्हणून हा भाग वाचताना मला पुस्तक बाजूला ठेवावे लागले. आपल्या हातात आलेल्या ज्ञानाची किंमत कुणी मोजली हे विसरू नये, म्हणून लिहितो.

पहिली मान्यताप्राप्त लस अमेरिकेत १९८१ मध्ये आली. ती विषाणू अंगात असलेल्या माणसांच्या रक्तातून रिकामे कण गाळून, त्यांच्यावर रसायनांच्या प्रक्रिया करून बनवत. १९८६ मध्ये रक्ताची गरज संपली. लिफाफ्याच्या प्रथिनाचा मजकूर यीस्टच्या पेशीत घातला आणि ती पेशी लिफाफे बनवू लागली. ज्या खमिरावर नान फुगतो, त्याच जातीचे हे यीस्ट. माणसासाठी अशा तंत्राने बनलेली ही पहिलीच लस. परदेशी लस आपल्याकडे फार महाग होती. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने स्वतःची लस बाजारात आणली आणि ती सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागली.

म्हणजे ज्या रिकाम्या लिफाफ्यांनी विषाणू आपल्या शरीराला फसवतो, तेच लिफाफे आज बाळाच्या मांडीत टोचले जातात आणि त्याला आयुष्यभराचे संरक्षण देतात. लसीत पत्र नसतेच, त्यामुळे लसीने हेपटायटिस बी होण्याचा प्रश्नच येत नाही. तैवानने १९८४ मध्ये बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि दहा वर्षांत तिथल्या मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. टोचून कर्करोग टाळता येतो, याचा जगाला मिळालेला हा पहिला पुरावा.

आता पुन्हा आमच्या घरातल्या कागदाकडे. यकृततज्ज्ञांनी पोराच्या आणखी तपासण्या केल्या. त्यातली महत्त्वाची म्हणजे डीएनए तपासणी. ही लिफाफे मोजत नाही, पत्रे मोजते. त्याच्या रक्तात खरे विषाणू फार थोडे निघाले. यकृत व्यवस्थित होते. डॉक्टर म्हणाले, "आज औषधाची गरज नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी करायची, दारू-तंबाखूपासून लांब राहायचं, आणि घरच्या सगळ्यांची तपासणी करायची."

इथे माझा पहिला मुद्दा आहे. एचबीएसएजीची तपासणी चांगली आहे. ती स्वस्त आहे, थेंबभर रक्तात होते आणि विषाणूच्या उधळेपणामुळेच सहसा चुकत नाही. रक्तपेढीत प्रत्येक बाटलीची ती होते, म्हणून आज रक्त घेणे पूर्वीपेक्षा किती तरी सुरक्षित आहे. १९८२ मध्ये 'कुली'च्या अपघातानंतर अमिताभ बच्चन यांना दिलेल्या रक्तातून हा विषाणू मिळाला आणि त्यांच्या यकृताचा पाऊण भाग निकामी झाला, हे ते स्वतः जाहीरपणे सांगतात. तेव्हा तपासणी हवीच. पण ती चौकशीची सुरुवात आहे, निकाल नव्हे. पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू अंगात आहे एवढेच ती सांगते. किती आहे, यकृताला काय करतो आहे, औषध लागेल का, याचे उत्तर तिच्यात नाही. आपण मात्र त्या एका ओळीवर माणसाचे ताट, लग्न आणि नोकरी ठरवून मोकळे होतो.

यात आणखी एक पेच आहे. आज मिळणारी टेनोफोविर, एन्टेकाविर ही औषधे विषाणूला नवी पत्रे लिहू देत नाहीत. रोज गोळी घेणाऱ्या माणसाच्या रक्तातला डीएनए तपासणीत दिसेनासा होतो. पण लिफाफ्यांचा कारखाना पेशीच्या आत वेगळ्या खात्यातून चालू राहतो. म्हणून रक्तात विषाणू सापडत नसतानाही एचबीएसएजी वर्षानुवर्षे पॉझिटिव्हच येतो. अशा माणसाकडून दुसऱ्याला धोका नगण्य असतो, तरी कागदावर तो 'अनफिट'. त्या त्या देशाचे नियम त्यांनी ठरवायचे, हे मान्य. पण हा विषाणू हवेतून, हस्तांदोलनातून, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. एसी दुरुस्त करणाऱ्या पोराकडून तो कुणाला आणि कसा लागणार? लिफाफे मोजून दार बंद करण्याऐवजी पत्रे मोजून निर्णय घ्यावा, अशी मागणी आपल्या सरकारने आणि परदेशी जाणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी करायला हवी.

लिफाफ्यांचा कारखाना बंद करणारी औषधे शोधण्यावर सध्या भर आहे. आठवड्याला एक याप्रमाणे २४ आठवडे इंजेक्शन देण्याची एक चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. बेपिरोविरसेन हे त्या औषधाचे नाव. दहातल्या साधारण एका रुग्णाच्या रक्तातून लिफाफा नाहीसा झाला आणि उपचार थांबवल्यावरही सहा महिने परतला नाही. दहात एक हे थोडे वाटेल, पण आपोआप असे होण्याचे प्रमाण वर्षाला १०० पैकी एखाद्याचे आहे, हे लक्षात घ्या.

दुसरा मुद्दा उलट बाजूचा. 'कण रिकामेच असतात ना, मग कशाला घाबरायचे' असे म्हणून कागद फाडून टाकणारेही आहेत. त्या गर्दीत खरी पत्रे असतातच. शिवाय या लिफाफ्याचा गैरफायदा घेणारा आणखी एक विषाणू आहे, हेपटायटिस डी. त्याला स्वतःचा लिफाफा बनवता येत नाही, तो बीचाच पांघरून फिरतो आणि दोन्ही एकत्र आले की यकृताचे हाल जास्त होतात. बीची लस घेतलेल्याला डीची भीती उरत नाही.

आमच्या समाजाने इथे स्वतःकडेही पाहावे. हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. शरीराबाहेर सुकलेल्या रक्तातही तो सात दिवस तग धरतो. खतना, हिजामा, कान-नाक टोचणे, न्हाव्याकडचे दाढीचे पाते, हज-उमऱ्याला डोके भादरणे, या प्रत्येक ठिकाणी नवे पाते आपल्यासमोर उघडले का, हे विचारण्यात कसला आला अपमान? सुन्नत म्हणून हिजामा करायचा आणि ब्लेड कालच्याच माणसाचे, याला मी तरी अकीदा म्हणणार नाही, निष्काळजीपणा म्हणेन. आणि काविळीची माळ. दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. बी माळेने जात नाही. कित्येकदा ती वर्षानुवर्षे डोळे पिवळेही करत नाही. माळ लांबत गेली म्हणून निर्धास्त झालेला माणूस दवाखान्यात पोहोचतो तेव्हा उशीर झालेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात २५ कोटींहून अधिक लोक या विषाणूसह जगत होते, त्यातले जवळपास तीन कोटी भारतात. यातल्या बहुसंख्यांना ते माहीतच नाही. हा कुणा एका मोहल्ल्याचा, जातीचा, धर्माचा डाग नाही.

घरच्यांच्या तपासण्या झाल्या. धाकटी दोन भावंडे आणि वडील निगेटिव्ह; त्यांना लसीचे तीन डोस सुरू झाले. पोराची आई, माझी बहीण, पॉझिटिव्ह. रिपोर्ट हातात घेऊन ती म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळेच." मराठीत आपण काळजाचा तुकडा म्हणतो, उर्दूत जिगरचा तुकडा. जिगर म्हणजे यकृतच. तिला मी एवढेच सांगितले की पोर जन्मले तेव्हा आपल्या सरकारी दवाखान्यात ही लसच नव्हती, तुला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. ती देशभरच्या सरकारी लसीकरणात आली २०११ पासून. ज्या गोष्टीचा उपाय हातात नव्हता, तिचा गुन्हा आईच्या माथी मारायचा नसतो.

तिची थोरली मुलगी तेव्हा सातव्या महिन्याची गरोदर होती, माहेरी आलेली. तिची फाइल उघडली तर तिसऱ्या महिन्यातला रिपोर्ट आतच होता : पॉझिटिव्ह. तपासणी झाली होती, कागद लावला होता, पण त्याचा अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता. तिला वाटले, लहानपणी कावीळ झाली होती त्याचेच असेल. डॉक्टरांनी डीएनए तपासणी केली, प्रमाण जास्त निघाले, म्हणून बाळंतपणापर्यंत गोळी सुरू केली. बाळंतपण कुठे करायचे आणि पहिल्याच दिवशी काय टोचायचे, हे फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घेतले.

माझा शेवटचा मुद्दा हाच. ही लस जन्मानंतर २४ तासांच्या आत मिळायला हवी. त्यानंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी पेंटाव्हॅलेंटमधून तिचे पुढचे डोस मिळतात, पण पहिला दिवस हुकला तर आईकडून आलेल्या विषाणूला मोकळे रान मिळते. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे. २०१८ पासून राष्ट्रीय हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधेही मोफत मिळतात. तुमच्या घरात बाळंतपण असेल तर आईचा एचबीएसएजी रिपोर्ट स्वतः वाचा आणि बाळाला पहिल्या दिवशी लस दिली का, हे विचारा. खजूर चाटवण्याची घाई आपण करतोच. तेवढीच घाई याचीही करा.

मुलगी झाली. जन्मानंतर चार तासांत लस आणि सोबत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन दिले गेले. वर्षाची झाल्यावर तिची तपासणी होईल. आईचे दूध ती पहिल्या दिवसापासून पिते आहे, त्याने धोका नाही हे डॉक्टरांनी सांगितले होते.

पोराला आखात मिळाले नाही. तो आता इथेच, चिपळूणला, काम करतो. पुढच्या दोन्ही तपासण्या चांगल्या आल्या. ते मंगनीचे घर परत आले नाही. दुसरीकडे बोलणी चालू आहेत आणि या वेळी बहिणीने रिपोर्ट आधीच समोर ठेवला, "मुलीला लस द्या, बाकी काही नाही," असे सांगून. गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा आम्ही सगळे एकाच दस्तरखानावर बसलो. वेगळा पेला अजून फळीवर होता. पोराने तोच काढून मला पाणी दिले.